बोट मांडव्याला, सवयी पुण्याच्या: या चुका टाळा

चौघांनी मिळून घेतलेली आमची मोटर यॉट मांडव्याला असते आणि आम्ही कोथरूडला. खोपोली-पेणमार्गे पोचेस्तोवर निम्मा शनिवार जातो, म्हणून माणूस आणि सामान पुण्यातूनच न्यायची खोड लागली. घरचा एसी, सोसायटीचा पंप आणि दारातली गाडी सांभाळतो तशीच बोट सांभाळायला गेलो, आणि बहुतेक चुका तिथेच झाल्या.

पहिल्याच वर्षी एसीनं दगा दिला. दहा मिनिटं चालायचा, हाय प्रेशरचा इशारा यायचा, बंद. घरचे एसी बघणारा मेकॅनिक सोबत नेला. त्यानं सवयीनं गॅस भरला. मग एसी चार मिनिटांतच बंद पडायला लागला! घरचा एसी उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो, आमचा समुद्राच्या पाण्यात. सीकॉकमधून (बोटीच्या बुडाला असलेली, समुद्राचं पाणी आत घेणारी तोटी) आत आलेलं पाणी स्ट्रेनर (कचरा अडवणारी गाळणी), पंप, कंडेन्सर (गॅसची उष्णता पाण्याला देणारा भाग) असं फिरून बोटीच्या कडेनं बाहेर पडतं. हे पाणी अडलं की प्रेशर चढतं, आणि वर जास्तीचा गॅस म्हणजे आगीत तेल. तेव्हा हाय प्रेशर दिसलं की गॅसचं नाव काढू नका. आधी कठड्यावरून वाकून बघा, धार कशी पडतेय. आमची करंगळीएवढी होती. स्ट्रेनरची जाळी उपसली तर आत गाळ, दोन मेलेल्या कोळंब्या आणि तळाला झाकणासारखी चपखल बसलेली गुटख्याची पुडी.

जाळी काढण्याआधी सीकॉक बंद करायचा, नाहीतर समुद्रच आत येतो. आणि नंतर तो उघडायला विसरायचं नाही. आम्ही आठवणीसाठी एसीच्या स्विचवर लाल चिकटपट्टी लावतो. जाळी स्वच्छ असूनही धार नसेल, तर बहुधा पंपात हवा अडकलेली असते. हे पंप स्वतःहून पाणी ओढत नाहीत, म्हणून ते पाण्याच्या पातळीखाली बसवतात. पंप बंद करून त्याच्या पुढची नळी सैल करा, हवा निघून पाणी आलं की पुन्हा आवळा.

बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळात पाणी साचतं त्या जागेचं, म्हणाल तर सोसायटीच्या बेसमेंटमधला पंप आठवा. पार्किंगमध्ये पाणी साचल्यावरच सेक्रेटरींना कळतं की फ्लोट (पाणी चढलं की वर येऊन पंप चालू करणारा तरंगता स्विच) अडकलाय. बोटीवर दर खेपेला फ्लोट हातानं उचलून बघा, शिवाय बादलीभर पाणी ओतून पंप ते खरंच बाहेर फेकतो का तेही बघा. निघताना मेन स्विच बंद केला की पंपही मरतो, ही आमची दुसरी चूक. ऑटोमॅटिक पंपाला बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजसह थेट लाइन हवी. पुण्याच्या इलेक्ट्रिकल बाजारातली, तपकीर गल्लीतली साधी वायर आणि इन्सुलेशन टेप आम्ही मारली होती. खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडून भुगा झालं. कथिलाचा मुलामा असलेली वायर घ्या आणि जोड बिल्जपासून उंच ठेवा. साचलेलं पाणी गोडं की खारं, हे साबणानं कळतं: समुद्राच्या पाण्यात साध्या साबणाला धड फेस येत नाही. फेस आला तर एसीतून ट्रेमध्ये ठिबकलेलं पाणी असू शकतं, नाही आला तर शाफ्टकडे (बोटीचा पंखा फिरवणारा दांडा) आणि सीकॉकच्या नळ्यांकडे बघा. तेलकट पाणी मात्र समुद्रात सोडू नका, डब्यात भरून धक्क्यावर आणा.

आता डिझेल. ‘पावसाळ्यात बोट उभीच, टाकी कशाला भरायची?’ हा हिशेब माझाच. अर्ध्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी झालं, ते तळाला बसलं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतूंचा काळा चिकटा वाढला. ऑक्टोबरमध्ये घारापुरीच्या वाटेवर लाटांनी तो ढवळला. इंजिनाचे आरपीएम पडले. थोडं थांबलो की पुन्हा चालायचं, जोर दिला की पुन्हा धाप. हे फिल्टर तुंबल्याचं लक्षण. फिल्टरखालच्या पारदर्शक वाटीत वर डिझेल आणि खाली पाणी, मध्ये काळा तवंग. आता जूनआधी टाकी जवळजवळ काठोकाठ भरतो, डेकवरच्या झाकणाची ओ-रिंग बदलतो आणि वाटीतलं पाणी दर खेपेला काढतो.

त्या घटनेनंतर एका मित्रानं हौसेनं पहिल्याच फिल्टरला दोन मायक्रॉनचं एलिमेंट (फिल्टरमधली बदलायची गाळणी; मायक्रॉनचा आकडा जितका लहान तितकी ती बारीक) घातलं. ते दोन फेऱ्यांत भरलं. टाकीलगत दहा किंवा तीसचं ठेवा, बारीक गाळणी इंजिनावरच्या फिल्टरला असतेच. आणि एलिमेंट बदललं की भांडं स्वच्छ डिझेलनं भरून लाइनमधली हवा काढा, तेही बोट धक्क्यावर असतानाच.