दुकानात, घरी आणि लॅपटॉपवर एकच सॉफ्टवेअर कसे ठेवावे

नारायण पेठेत दुकान, कोथरूडला घर आणि येताजाता लॅपटॉप अशी डीटीपीची कामं करत असाल, तर तिन्ही मशीन सारख्या असायलाच हव्यात. दुकानात लावलेलं पान घरी उघडल्यावर ओळी सरकल्या, की प्रूफ पहिल्यापासून वाचावं लागतं. खाली सांगितलेली पद्धत उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आहे.

आधी सगळीकडे उबुंटूची एकच आवृत्ती टाका. २२.०४ आणि २४.०४ मध्ये काही पॅकेजांची, म्हणजे इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची, नावंच बदलली आहेत. तिथे पॅकेजांची एक यादी दोन्हीकडे चालणार नाही.

आता यादी. ‘डीपीकेजी गेट-सिलेक्शन्स या बसवलेली पॅकेजं दाखवणाऱ्या कमांडने सगळं उतरवा आणि दुसऱ्या मशीनवर ओता’ हा सल्ला सर्रास मिळतो. कृपा करून ऐकू नका. त्या यादीत तुम्ही मुद्दाम टाकलेलं इंकस्केप असतं आणि त्याच्यामागून आपोआप आलेल्या शेकडो लायब्ररीही (सॉफ्टवेअरला चालायला लागणारे भाग) असतात. ती यादी एपीटी इन्स्टॉल या पॅकेजं बसवणाऱ्या कमांडला दिली, की दुसऱ्या मशीनवर त्या सगळ्यांवर ‘हे मालकाने मागितलंय’ असा शिक्का बसतो. मग पुढे गरज संपलेली पॅकेजं काढणारं ऑटोरिमूव्ह त्यांना हात लावत नाही आणि कचरा साठत जातो. शिवाय दुकानातल्या एनव्हिडिया कार्डाचा ड्रायव्हर इंटेलवाल्या लॅपटॉपवर जाऊन बसतो.

त्याऐवजी तो शिक्का असलेलीच पॅकेजं दाखवणारं ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ चालवा. तेवढ्यावर थांबू नका: उबुंटू बसवतानाच आलेली बरीच पॅकेजंही त्यात दिसतात. यादी एकेक ओळ वाचा. कर्नल (सिस्टिमचा गाभा), ड्रायव्हर आणि ओळखू न येणारी नावं काढा. उरलेल्याच्या दोन फाइली करा: एक सगळ्यांसाठी, एक त्या मशीनपुरती. या छाटणीला एखादी दुपार जाते, जाऊ द्या. हे काम स्क्रिप्टवर सोपवू नये असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय लागतं हे फक्त तुम्हालाच ठाऊक असतं.

यादी एपीटी इन्स्टॉलला देण्याआधी बाहेरच्या रिपॉझिटरी (उबुंटूखेरीज इतरांची पॅकेजं मिळण्याची ठिकाणं) आणि त्यांच्या किल्ल्या (तिथली पॅकेजं खरी आहेत हे तपासणाऱ्या फाइली) नव्या मशीनवर न्या. एक नाव जरी सापडलं नाही, तरी एपीटी सगळंच थांबवतं. स्नॅप आणि फ्लॅटपॅक या सॉफ्टवेअर बसवण्याच्या निराळ्या पद्धती, त्यांच्या याद्या वेगळ्या काढाव्या लागतात.

फाँट मात्र विसरू नका! तुम्ही हाताने टाकलेले मराठी फाँट होम फोल्डरमधल्या ‘.लोकल/शेअर/फाँट्स’मध्ये असतात आणि पॅकेजांच्या कुठल्याही यादीत येत नाहीत. ते फोल्डर तसंच्या तसं उचला, मग फाँटची नोंद ताजी करणारं एफसी-कॅश चालवा.

दोन्ही फाइली गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) ठेवा. नवं काही हवं असेल तर आधी फाइलीत लिहा, मग इन्स्टॉल करा. काढायचं असेल तर फाइलीतली ओळ खोडून भागत नाही. प्रत्येक मशीनवर एपीटी रिमूव्ह वेगळं द्यावं लागतं.