शंका आली त्याच दिवशी वही काढा

बाबांना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलं होतं. या दुखण्यात ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. डिस्चार्ज कार्डावर मात्र 'रोज एक' लिहिलेलं. सहाव्या दिवशी तोंडभर फोड आले, घोटभर पाणी गिळवेना, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या. बाबा वाचले. तुमच्यावर अशी वेळ आली तर काय करायचं, ते अनुभवातून सांगते.

आधी रुग्ण, भांडण नंतर. दुसऱ्या डॉक्टरांना गाठा आणि चालू असलेली प्रत्येक गोळी पाकिटासकट त्यांच्यापुढे ठेवा. आमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी पाकीट आणि कार्ड शेजारी धरलं, लगेच गोळी बंद केली आणि तिचा विषारी परिणाम उतरवणारं फोलिनिक ॲसिड सुरू केलं.

त्याच रात्री लिहायला बसा. काय झालं, किती वाजता, कोण काय म्हणालं, त्यांच्याच शब्दांत. मी आठ दिवसांनी बसले, तर ताप आधी आला की फोड, यावर माझं आणि आईचं एकमत होईना.

संपूर्ण केस पेपर लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाची पोच घ्या. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. सिस्टरांच्या नोंदी, औषधांचा तक्ता, तपासण्यांचे रिपोर्ट, ऑपरेशन झालं असेल तर त्याची आणि भुलीची नोंद, संमतीपत्र, सगळं हवं. मूळ कागद हातचे सोडू नका, आणि त्यांवर काही लिहूही नका. मी रागाच्या भरात 'रोज' या शब्दाखाली लाल रेघ ओढली. पुढे प्रत्येक ठिकाणी ती रेघ माझी आहे हे सांगत बसावं लागलं. उरलेल्या गोळ्याही जपून ठेवा.

रुग्ण दगावला असेल आणि कारण कळत नसेल, तर अंत्यविधीआधीच शवविच्छेदनाची मागणी करा. हे सांगताना जीव तुटतो, पण नंतर तो मार्ग उरत नाही.

उपचार फसला की प्रत्येक वेळी हलगर्जीच असते असं नाही. काळजी घेणाऱ्या डॉक्टरने त्या जागी काय केलं असतं, आणि इजा त्या चुकीमुळेच झाली का, हे दोन्ही दाखवावं लागतं. म्हणून त्याच विषयातल्या, त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाचं लेखी मत घ्या. मग वकील. तक्रारीला मुदत असते, ती पहिल्याच भेटीत विचारा.

तक्रारीत भरपाईबरोबर बदलही मागा. मी मागितलं होतं, आठवड्याच्या गोळीपुढे वार लिहा. आता तिथल्या कार्डावर 'दर सोमवारी' असं अक्षरांत लिहून देतात.