जी-२० चा जाहीरनामा नाशिककरांनी कसा वाचायचा

जी-२०, म्हणजे जगातल्या मोठ्या अर्थव्यवस्थांचा गट, त्याची परिषद झाली की टीव्हीवर गळाभेटी आणि ग्रुप फोटोच चालतात, ते सोडा आणि सरळ जाहीरनामा काढा, नेटवर फुकट मिळतो. २०२३ च्या दिल्ली परिषदेचा ८३ परिच्छेदांचा आहे, सगळा वाचत बसू नका, सर्चमध्ये आपल्या कामाचे विषय टाका, शेती, खत, व्यापार, कर्ज वगैरे.

सापडलेल्या वाक्यात तारीख किंवा रक्कम आहे का बघा, नसेल तर ती नुसती इच्छा समजायची. आणि वाक्य शेवटपर्यंत वाचा, खरी मेख तिथेच असते!! दिल्लीच्या जाहीरनाम्यात शेतमालावर निर्यातबंदी किंवा निर्बंध लादणार नाही असं लिहिलंय, पण पुढे जोडलंय की डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) संबंधित नियमांनुसार, आणि ते नियम अन्नधान्याची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती बंदी चालवून घेतात.

आता तारखा शेजारी ठेवा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, ९-१० सप्टेंबरला परिषद, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी. लासलगावच्या शेतकऱ्याला हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

जी-२० चे ठराव कायद्याने बंधनकारक नसतात, म्हणून जाहीरनामा वाचून झाला की शुल्कासाठी अर्थ मंत्रालयाची आणि बंदीसाठी डीजीएफटीची (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची) अधिसूचना बघत राहा, माल भरायचा की कांदाचाळीत ठेवायचा ते त्यावरच ठरवा.