बाळदमा: घरी काय करायचं, काय सोडायचं

माझ्या आठ वर्षांच्या नातवाला दमा आहे. मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीला जातात, म्हणजे दिवसभर त्याचा औषधाचा पंप (इनहेलर) माझ्या ताब्यात. मी बँकेत कॅशियर होते. मोजायची आणि टिपून ठेवायची सवय निवृत्त झाले तरी सुटलेली नाही आणि या दुखण्यात ती फार कामाला येते. औषध कुठलं आणि किती, हे तुमचे बालरोगतज्ज्ञ ठरवतील. मी सांगते आहे ते त्यानंतरचं, घरातलं.

आधी आत काय चाललंय ते समजून घ्या. फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळ्यांना आतून सूज असते. मूल अंगणात हुंदडत असतं तेव्हाही ती असते. त्यात सर्दी झाली, धूर लागला, धूळ गेली की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, कफ साठतो आणि श्वास सोडताना छातीत शिट्टी वाजते. म्हणून पंप दोन असतात. एक साल्ब्युटामॉलचा, तो आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो. दुसरा सूज कमी करणारा, बहुतेक ब्युडेसोनाईड किंवा फ्लुटिकासोनचा. तो रोज घ्यायचा, मूल बरं असलं तरी. त्याने लगेच काहीच जाणवत नाही, म्हणून लोक नेमका तोच बंद करतात. पंपाच्या रंगावर विसंबू नका. मी दोन्हींवर चिकटपट्टी लावून ठळक लिहिलंय: "रोजचा" आणि "धाप लागली तर".

"पंपाची सवय लागते, त्यापेक्षा सिरप द्या," असं आमच्या वाड्यात तरी प्रत्येकाने सांगून झालंय. त्यांना मी हिशोब दाखवते. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या साध्या सिरपच्या ५ मिलीत २ मिलिग्रॅम. म्हणजे एक चमचा सिरप बरोबर वीस फवारे, आणि तेही पोटातून रक्तात मिसळून सगळ्या अंगभर. मग हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाने थोडंसं औषध जिथे हवं तिथेच जातं. सवय दोन्हींची लागत नाही. रोजच्या पंपातल्या स्टेरॉइडने उंचीत फरक पडू शकतो, पण तो सरासरी सेंटीमीटरभराचा. रात्र रात्र खोकत काढणाऱ्या मुलासाठी मला हा सौदा महाग वाटत नाही.

आता स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मध्ये लावायचं पोकळ प्लास्टिकचं नळकांडं. पंप थेट तोंडात मारला तर बरंचसं औषध घशात चिकटतं. मूल ताठ बसवा. पंपाचं झाकण काढा, पंप नीट हलवा, स्पेसरला लावा. मुलाने श्वास सोडून नळी ओठांत घट्ट धरायची. एकदाच दाबा. मग सावकाश पाच-सहा श्वास त्यातूनच. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, मग दाबा. दोन फवारे एकदम मारू नका, बरंच औषध स्पेसरच्या भिंतीवरच राहतं. चार वर्षांखालच्यांना मास्क लागतो आणि तो नाका-तोंडावर चपखल बसायला हवा. मूल रडत असताना दिलं तर औषध आत फारसं पोचत नाही, म्हणून गोष्ट सांगत द्या. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. आम्ही पंप दात घासण्याच्या आधी ठेवलाय, म्हणजे चूळ आपोआप होते आणि पंप विसरतही नाही. स्पेसर महिन्यातून एकदा कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर घर्षणाने वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं.

पंप संपला की नाही, ते हलवून कळत नाही. औषध संपल्यावरही आतला वायू फुसफुसतच राहतो. आकडा दाखवणारा पंप असेल तर उत्तम. नसेल तर २०० फवाऱ्यांच्या डब्यातून रोज चार गेले की पन्नास दिवस, सरळ भागाकार. पंप उघडतानाच संपायची तारीख त्याच्यावर लिहून ठेवायची.

माझ्या वहीत रोजची एकच ओळ असते: खोकला, रात्री जाग, धापेचा पंप लागला का, खेळला का. दिवसा त्रास किंवा धापेचा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा, किंवा दम्याने एकदा जरी रात्री उठला, तरी दमा ताब्यात नाही असं समजून डॉक्टरांना फोन करायचा. पाच वर्षांखालच्यांना तर आठवड्यात एकाहून जास्त वेळा झालं तरी सांगायचं.

घराची साफसफाई हा माझ्या आवडीचा विषय. आमचं घर तळमजल्यावरचं, जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल. बुरशी पुसून काढायची, पण पोरगा शाळेत असताना. चादरी-अभ्रे आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात. गाद्या-गोधड्या ऊन पडेल त्या दिवशी गच्चीवर. गादी पिंजायला द्यायची तर घराबाहेरच, मूल आसपास नको. झाडायच्या ऐवजी ओल्या फडक्याने पुसा. डासांची कॉइल बंद, मच्छरदाणी लावा. उदबत्तीवरून आमच्याकडे महाभारत झालं. आता देवाला फूल वाहते, देवाने अजून तक्रार केलेली नाही. खिडकीच्या कट्ट्यावर कबुतरं बसू देऊ नका. दाणे टाकून पुण्य मिळवणारे शेजारी असतील तर त्यांच्याशी बोलायचं धाडस तुम्हीच करा.

पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत फुलतं, त्याच्या परागांनीही काहींना त्रास होतो. देशातली त्याची पहिली नोंद पुण्यातली, १९५० च्या दशकातली. पुण्यात पहिल्यांदा झालेल्या गोष्टींची यादी आपण अभिमानाने सांगतो, तिच्यात हीही धरा. दिवाळीत नागगोळी निरुपद्रवी वाटते, कारण आवाज नसतो. पुण्यातल्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सगळ्यात जास्त बारीक कण तिचेच निघाले. थंडीत सकाळी धूर खाली साचून राहतो, त्यात कोपऱ्यावर पालापाचोळा जाळलेला. अशा दिवशी खेळायला संध्याकाळी सोडा. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेच्या 'सफर' या संकेतस्थळावर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघता येतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. केळं, दही, ताक सगळ्यांचं बंद करायची गरज नाही. एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी त्रास होतो असं वहीत दिसलं तरच डॉक्टरांना विचारा. साध्या गरम पाण्याच्या वाफेने नळ्या उघडत नाहीत, पोरं भाजतात मात्र. फ्लूची लस दरवर्षी द्यावी का, हे पावसाळ्याआधी विचारून घ्या, कारण लहान मुलांचा दमा बहुतेक वेळा सर्दीनेच उसळतो.

धाप लागली तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. आमच्या कागदावर असं आहे: ताठ बसवा, आडवं करू नका, धापेच्या पंपाचे चार फवारे स्पेसरमधून एकेक करून द्या. वीस मिनिटांत आराम नाही तर पुन्हा चार द्या आणि निघा. तुमचा आकडा वेगळा असू शकतो. पण बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, नाकपुड्या फुलताहेत, वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर दिसतात, मूल गुंगीत जातंय, यातलं काहीही दिसलं तर वीस मिनिटंही थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा रिक्षा पकडा आणि वाटेत फवारे चालू ठेवा. शिट्टीचा आवाज एकदम थांबला पण धाप तशीच असेल, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही, हवाच आत जात नाहीये. पेठेत राहणाऱ्यांनी एक जास्तीचं काम करावं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता सगळे मिरवणुकीत अडकलेले असतात. कुठल्या बोळाने बाहेर पडायचं, कुठलं हॉस्पिटल त्या बाजूला आहे, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

खेळ बंद करू नका. आमचा नातू पर्वतीच्या १०३ पायऱ्या माझ्या आधी चढतो आणि वरून मला हाका मारतो. पळण्याआधी धापेचा पंप घ्यायचा का, तेवढं विचारून ठेवा. शाळेच्या दप्तरात नाव घातलेला वेगळा पंप आणि स्पेसर, आणि वर्गशिक्षकांकडे फ्रिजवरच्या कागदाची प्रत.

रोजचा पंप आपल्या मनाने कमी करू नका. तीनेक महिने सगळं शांत राहिलं की डॉक्टरच मात्रा उतरवतात. तपासणीला जाताना वही आणि पंप तर न्याच, स्पेसरही न्या आणि मुलाला त्यांच्यासमोर एक फवारा घ्यायला लावा.