महाबळेश्वरच्या गारठ्यात उघड्यावरच्या टेबलांसाठी हीटर निवडताना

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कधीकधी दवबिंदू गोठतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पर्यटकांना उघड्यावर बसून जेवायचे असते. तिथल्या हॉटेलमालकाने हीटरचे भाव विचारण्याआधी रात्री नऊच्या सुमारास स्वतः प्रत्येक टेबलाशी दहा मिनिटे बसावे आणि वारा कोणत्या बाजूने झोंबतो ते पाहावे. त्या बाजूला बांबूचा तट्ट्या किंवा दाट कुंपण असा आडोसा केला, तर हीटर मुळातच कमी लागतात.

उघड्या जागेत हवा तापवण्यात अर्थ नाही, कारण ती वाऱ्याबरोबर निघून जाते. म्हणून पंख्याने गरम हवा फेकणारा हीटर इथे घेऊच नये. विजेचा इन्फ्रारेड हीटर उन्हासारखी थेट माणसाच्या अंगावर ऊब टाकतो आणि 2 किलोवॅटचा असेल तर तासाला 2 युनिट घेतो. छत्रीच्या आकाराचा, साधारण 13 किलोवॅटचा गॅस हीटर पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे 1 किलो गॅस जाळतो. रोज चार तास लावल्यास 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर पाच रात्रीही पुरत नाही. आपला वीजदर आणि सिलिंडरचा भाव घेऊन दर टेबलामागे एका रात्रीचा खर्च काढावा. गॅसची ऊब चारही दिशांना पसरते, त्यामुळे भोवतालची सगळी टेबले भरणार असतील तरच तो परवडतो. भिंतीलगत ठेवला तर बरीचशी धग भिंतच घेते.

कडाक्याच्या थंडीत सिलिंडरमधल्या गॅसचा दाब घटतो व ज्योत मंदावते. अशा वेळी सिलिंडर शेकण्याचा अघोरी उपाय कोणालाही करू देऊ नये. घरगुती सिलिंडर हॉटेलात वापरणे बेकायदा आहे, आणि चहूबाजूंनी बंद केलेल्या मंडपात गॅस हीटर लावल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो, हे कामगारांनाही समजावून सांगावे. उभा हीटर कलंडताच आपोआप बंद होणारा असावा.

विजेच्या हीटरसाठी मंजूर भार पुरतो का, हे आधी वायरमनकडून तपासून घ्यावे. चार हीटर म्हणजे 8 किलोवॅटचा जादा बोजा असतो. प्रत्येकाला वेगळे बटण ठेवावे, म्हणजे गिऱ्हाईक उठताच तेवढाच हीटर बंद करता येतो. धुके आणि दव सोसण्यासाठी किमान आयपी 55 दर्जा (धूळ आणि पाणी आत शिरू न देण्याची क्षमता सांगणारा आकडा) पाहावा, आणि तरीही जूनचा पाऊस सुरू होण्याआधी हीटर उतरवून कोरड्या जागी ठेवावेत.