गर्भनिरोधकांचा साठा: मागणीचा आकडा कसा काढावा

सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमाला व्यवस्थापनाची शिस्त लावायची असेल तर सुरुवात भांडारातून करा. गोळ्या संपल्या म्हणून परत पाठवलेली बाई पुन्हा येईलच असं नाही, आणि पुढचं पाकीट वेळेवर सुरू झालं नाही तर तिला दिवस राहू शकतात.

आधी सरासरी मासिक वापर काढा. गेल्या ३ महिन्यांत बायकांच्या हातात प्रत्यक्ष पडलेली पाकिटं मोजा, भांडारातून बाहेर गेलेली नव्हेत. समजा आकडे १८०, १२०, १८० आहेत आणि मधल्या महिन्यात १० दिवस साठाच नव्हता. मग १२० ही खरी गरज नाही. उरलेल्या २० दिवसांत १२० गेली, म्हणजे रोज ६, महिन्याला १८०. ही दुरुस्ती राहून गेली की वापर कमी दिसतो, कमी मागवलं जातं आणि पुन्हा खडखडाट होतो. अनेक तुटवड्यांचं मूळ इथे सापडतं.

माल यायला एक महिना लागत असेल आणि मागणी दरमहा जात असेल, तर किमान साठा २ महिन्यांचा ठेवा: एक महिना माल येईपर्यंतचा, एक अडीअडचणीचा. कमाल ३ महिन्यांचा, म्हणजे ५४० पाकिटं. कपाटात २००, वाटेवर ६०, तर मागणी २८० ची. मोजणी हाताने करा, नोंदवहीवरून नको. मुदत संपलेला माल त्यात धरू नका. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे मांडा.

कामाचं मोजमाप करताना १२० कंडोम, गोळ्यांची १५ पाकिटं किंवा ३ महिन्यांची ४ इंजेक्शनं म्हणजे एका जोडप्याला वर्षभराचं संरक्षण, असा हिशेब रूढ आहे. तो केंद्राचा कल पाहायला चांगला. पण परिचारिकेचं उद्दिष्ट म्हणून तो कधीही लावू नका. तांबी आणि शस्त्रक्रियेला त्यात कितीतरी जास्त वर्षं मिळतात, त्यामुळे आकडा फुगवण्यासाठी बाईच्या गळ्यात तेच मारलं जातं. निवड तिची आहे.

इंजेक्शनाच्या नोंदवहीत दिल्याच्या तारखेशेजारी १३ आठवड्यांनंतरची तारीख त्याच वेळी लिहा. पुढच्या महिन्याची गरज तिथूनच मोजता येते. डेपो, म्हणजे ३ महिन्यांच्या इंजेक्शनाला, ठरल्या तारखेपासून ४ आठवड्यांपर्यंत उशीर झाला तरी ते देता येतं. तारीख चुकली म्हणून कुणालाही दारातून परत पाठवू नका.