क्लिंगॉन भाषेत सोयऱ्यांची नाती कशी जोडावीत

‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथांतल्या क्लिंगॉन लोकांसाठी मार्क ओक्रँड यांनी घडवलेल्या क्लिंगॉन भाषेत नाती सांगायला आधी हे शब्द पाठ करा: वाव (बाप), षोष (माय), लोडनि' (भाऊ), बे'नि' (बहीण), लोडनाल (नवरा), बे'नाल (बायको), पूक़लोड (मुलगा), पूक़बे' (मुलगी).

' ही खूण दिसली की घशात आवाज झटक्यात तोडायचा. गाळला तर शब्द अर्धवट राहतो. क़ आपल्या क पेक्षा खूप मागून, पडजिभेपाशी, ख़ खरखरीत. ड आपल्या तोंडात आधीच आहे. ष मात्र सांभाळा. आपल्याकडे खेड्यात ष आणि श एकच होतात, इथे जीभ वळवूनच म्हणायचा.

सासू षोषनाल, सासरा वावनाल. मामा इरनेख़, काका तेन्नूष: इथं मराठी माणसाला सोपं जातं, दोघांना वेगळं ठेवायची आपली सवयच आहे.

दीर, नणंद, भाटवा यांच्यासाठी साखळी करा. क्रम मराठीसारखाच, ज्याचं नातं तो आधी. फक्त ‘चा-ची’ नाही. ‘माझा’ साठी वि' जोडतात, तोही पहिल्या शब्दाला:

लोडनालवि' लोडनि' – दीर
लोडनालवि' बे'नि' – नणंद
लोडनालवि' लोडनि' बे'नाल – जाऊ
बे'नि'वि' लोडनाल – भाटवा
बे'नालवि' बे'नि' – साळी

वि' शेवटच्या शब्दाला लावला की ‘नवऱ्याची माझी बहीण’ असं काहीतरी होतं. सुरुवातीला ही चूक फार होते. मांडवात व्याह्यांची ओळख करून द्यायची तर: पूक़बे'वि' वावनाल ग़ाख़, म्हणजे ‘हे माझ्या मुलीचे सासरे’. ग़ाख़ (तो, ती) शेवटीच येतो.

वि' च्या जागी विज कधीच वापरू नका. विज वस्तूंसाठी आणि न बोलणाऱ्या जीवांसाठी, जसं माझं भांडं, माझी गाय. व्याकरणात माणसालाही चालतो, पण तो अपमान होतो, आणि सासऱ्याला तो लावणं म्हणजे सोयरीक मोडायलाच निघणं. अनेकवचनाचा पु' मालकीच्या आधी: बे'नि'पु'वि', माझ्या बहिणी. उलटा क्रम चालत नाही.

लाडाने बापाला वावोय, मायला षोषोय म्हणता येतं. हा ओय घरच्याच माणसांसाठी आणि पाळीव जनावरांसाठी. ज्याची ही मायबोली नाही त्याने भाषा अंगवळणी पडेपर्यंत तो टाळावा, असा सल्ला खुद्द ओक्रँड यांच्या शब्दकोशाच्या 1992 च्या आवृत्तीत आहे. तेव्हा नव्या सोयऱ्यांसमोर वाववि' हेच म्हणा.